तुझ्या नावावर घेतलेलं काम

इम्रान, तू गेलास हे देविदास मुकादमाने सावद्याहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "मग पेज दाखवून झालं का?" खरंच हेच विचारलं. मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी आणखी मोठ्याने विचारलं, "मुकादमांनी पेज बघितलं का, देविदासभाऊ?" तेव्हा तो म्हणाला, "अक्का, मी काय सांगी ऱ्हायनू, आन तू काय इचारी ऱ्हायनी?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि जी ओळ टाइप करत होते ती पूर्ण केली. चुकली नाही, बरं का. शेवटचा कंससुद्धा नीट लावला. मग उठले, पंखा बंद केला, ऑफिसला कुलूप लावलं आणि जिन्यात उभी राहून विचार करू लागले की आपण निघालो कुठे. अजूनही अधूनमधून तसंच होतं. तुझं जाणं मला कळलेलं आहे, पण ते डोक्यात शिरत नाही, दारातच उभं असतं.

जळगावहून सावद्याला जाताना मी गाडीत तुझ्याशी भांडत होते. भुसावळ येईपर्यंत माझं सगळं भाषण तयार झालं होतं. सकाळी काही न खाता निघालास, तीन वेळा चहा ढोसलास, पित्त खवळलं असेल, चक्कर आली असेल, आणि त्या देविदासने घाबरून काहीतरी भलतंच सांगितलं असेल. फैजपूरच्या पुढे तर मी तुला शिव्याही देऊन झाले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात केळी कामगारांची सगळी टोळी उभी होती, चिकाने काळे पडलेले कपडे, आणि कोणी माझ्याकडे बघेना. तेव्हा माझं भाषण थांबलं. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. हृदय. आपल्या वयाचं हृदय, इम्रान! मागच्या महिन्यात तू पायऱ्या चढताना मला हसला होतास, अक्का दम लागला का म्हणून.

ही 'अक्का' सुद्धा तुझीच देणगी. धुळ्याच्या कॉलेजात मी दोंडाईच्याहून एसटीने यायची, उशीर व्हायचा, आणि आल्या आल्या लॅबमध्ये माझी खुर्ची बळकावलेल्यांना मी झाडायची. त्यात तू एकदा सापडलास. उठून उभा राहिलास आणि हात जोडून म्हणालास, "बसा अक्का." वयाने तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. तरी मी तेव्हापासून सगळ्या वर्गाची अक्का झाले आणि पुढे सगळ्या सावद्याची. तुझी आई मला अक्का म्हणायची, यावर मी काय बोलणार?

तुझ्या रांगेबद्दल लिहिते. लोकांना वाटतं आपण दोघं कॉम्प्युटरवर काहीतरी अवघड करत होतो. तुझी रांग खरं तर एवढी साधी होती की मला सुरुवातीला हसू आलं होतं. केळीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसातून निरोप टाकायचा: अमुक शिवार, अमुक माणसाची बाग, एक गाडी माल कापायचा. तो निरोप रांगेत लागणार. ज्या मुकादमाची टोळी मोकळी असेल त्याने पुढचा निरोप घ्यायचा. एकाने घेतला की बाकीच्यांना तो दिसेनासा होणार, म्हणजे एका बागेत दोन टोळ्या जाऊन भिडणार नाहीत. घड कापून गाडी भरली की 'झालं' असं कळवायचं, मग निरोप कायमचा गेला. आधी हे सगळं तोंडी चालायचं आणि रोज कुणाची तरी बाग विसरली जायची. केळी काही आपल्यासाठी थांबत नाहीत. झाडावरच पिवळी पडली की लांबच्या गाडीवाला त्यांना हात लावत नाही.

पण तुझ्या रांगेत शिरायला दारच नव्हतं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत तुझ्या त्या आज्ञा टाइप करणारी दोन माणसं होती आणि मुकादम त्यांना फोन करायचे. म्हणजे निरोपांची रांग कॉम्प्युटरमध्ये आणि तिच्या दारात पुन्हा फोनची रांग! मी म्हटलं, हिच्यावर एक पेज बसवू. मुकादमाने आपल्या फोनमध्ये उघडावं, काम बघावं, घ्यावं, झालं म्हणावं. तू असं तोंड केलंस जणू मी तुझ्या घराची भिंत पाडायला सांगितली. "माझी रांग चव्हाट्यावर मांडायची?" म्हणालास. चार दिवस फुगून बसलास. पाचव्या दिवशी सकाळी स्वतःच कागदावर त्या पेजचं चित्र काढून घेऊन आलास, आणि वर मलाच विचारलंस, "तू अजून सुरुवात केली नाहीस?"

पहिलं पेज तूच केलंस, घाईघाईने, आणि त्यात जो घोळ घातलास तो आपण जन्मभर हसण्यासाठी ठेवला होता. तू सोपं जावं म्हणून प्रत्येक कामाची एक लिंक केलीस. लिंक उघडली की काम त्या माणसाच्या नावावर. मोठ्या कौतुकाने तू पहिलं काम मुकादमांच्या ग्रुपवर टाकलंस, "भाऊ हो, आजचं काम, बघा". आणि कोणी बघायच्या आधी काम गायब. दुसरं टाकलं, तेही गायब. सगळे मुकादम शपथा खायला लागले की आम्ही हातसुद्धा लावला नाही. तुझा संशय देविदासवर, कारण तो सगळ्यात आधी मेसेज वाचतो. त्याला तू चांगलंच सुनावलंस. तो पारोळ्याकडचा माणूस, भडकू आहे, टोळी घेऊन उठून निघाला होता. मग संध्याकाळी तुझ्या डोक्यात उजेड पडला. ग्रुपवर लिंक टाकली की खाली छोटं चित्र दाखवायचं म्हणून फोन आधी स्वतःच ती लिंक गुपचूप उघडून बघतो. माणसाने नव्हे, तुझ्याच फोनने तुझी कामं घेतली होती. तुझ्याच नावावर!

देविदासची माफी मागायला तू त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातलीस. तो जेवता जेवता म्हणाला, "इम्रानभाई, आते तूच जाय मंग केळी कापाले, बठ्ठं काम तुनाच नाववर शे." तू ठसका लागेपर्यंत हसलास. त्या दिवसापासून तू नियम केलास की नुसतं बघितल्याने काही घडता कामा नये. बघणं वेगळं, घेणं वेगळं. घ्यायचं तर बटण दाबायचं, जाणूनबुजून. हे मात्र तुझं मला लगेच पटलं. आपल्या दोघांचं इतक्या पटकन पटण्याची तीच एक वेळ असावी.

कारण पुढच्या गोष्टीवर आपलं कधीच पटलं नाही. घेतलेलं काम परत कधी द्यायचं?

तुझं म्हणणं, काम घेतलं म्हणजे ते त्या मुकादमाला उसनं दिलं. ठरल्या वेळात 'झालं' आलं नाही तर रांगेने कोणाला न विचारता ते काढून घ्यावं आणि दुसऱ्यासाठी मोकळं करावं. माझं म्हणणं, तू कधी केळीच्या बागेत उभा राहिला आहेस का? आत शिरलं की रेंज नाही. बोटं चिकाने बरबटलेली, फोन त्या बोटांना दाद देत नाही. टोळी घाम गाळत घड कापतेय आणि तुझी रांग म्हणणार, हा माणूस काही बोलत नाही, काम दुसऱ्याला देऊन टाका. मग दुसरी टोळी बांधावर येऊन उभी. कोयते हातात असलेल्या माणसांना तू काय सांगणार, वेळ संपली म्हणून? मला हवं होतं की काम परत घ्यायचं तर माणसाने घ्यावं, ऑफिसातल्या कोणीतरी विचारपूस करून. तू म्हणायचास, ऑफिसातला माणूस विसरतो, जेवायला जातो, त्याला मुकादमाचा राग येतो. आणि मुकादमाची गाडी बंद पडते, फोन बंद पडतो, तो पिऊन झोपतो. शेतकरी बिचारा बांधावर वाट बघतोय आणि काम कोणाच्या तरी नावावर कुजतंय.

कितीदा भांडलो आपण यावर! ऑफिसात, चहाच्या टपरीवर, एकदा तर तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायचा सोडून. तुझ्या नसरीनने आपल्या दोघांना स्वयंपाकघरात हाकललं होतं. त्या दिवशी तू ते वाक्य म्हणालास, "अक्का, घेणारा परत येणारच नाही, असं धरूनच रांग बांधायची असते." मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नकोस रे. कोण कुठे जातंय?" तू प्लेटमधल्या केकवरचं क्रीम बाजूला करत म्हणालास, "अभद्र कसलं? हा हिशोब आहे." मला तेव्हा तुझा राग आला होता. माणसं अशी काम घेऊन नाहीशी होत नाहीत, असं मी ठामपणे म्हणाले होते. अगदी बोट रोखून.

तू सावद्याला पेज दाखवायला जायच्या आदल्या संध्याकाळी फोनवरही तेच. मी म्हटलं, "उद्या दाखवताना ते आपोआप परत जाणं बंद ठेव. मुकादमांच्या डोळ्यांदेखत काम हातातून गेलं तर पुन्हा कोणी पेजला शिवणार नाही." तू म्हणालास, "हो अक्का." मी म्हटलं, "नुसतं हो नको, बंद कर." तू म्हणालास, "केलं अक्का." आणि फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं हे एवढंच, इम्रान. त्यात कसं आहेस नाही, जेवलास का नाही. एक बटण बंद कर, बंद केलं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकते आणि त्यात काही सापडतं का बघते.

पुढचं मला देविदासने सांगितलं, तुकड्यातुकड्याने. सावद्याच्या शेडमध्ये तू पालथ्या क्रेटवर बसला होतास, भोवती मुकादम. खोटं काम दाखवून कोणाला पटत नाही, म्हणून तू त्या दिवसाचं खरं काम उघडलंस, रावेरकडच्या एका बागेचं. "हे बघा, आता मी घेतो. घेतलं. आता हे फक्त माझं. तुमच्या फोनमध्ये दिसतंय का? नाही ना?" सगळ्यांनी आपापले फोन बघितले. दिसत नव्हतं. देविदास म्हणतो तू खूश झालास. मग डावा दंड चोळलास, पाणी मागितलंस. तो पाणी आणायला वळला आणि मागे क्रेट सरकल्याचा आवाज आला. तुझा फोन त्याने उचलला तेव्हा पेज उघडंच होतं. तुझं नाव, आणि पुढे 'घेतलं'.

त्या वेळी त्या बागेचा विचार कोणाच्या डोक्यात येणार? सगळे तुला उचलून पळाले. मी आले, तुझे भाऊ रशीदभाई धुळ्याहून आले, कागद झाले, आणि संध्याकाळी तुला घेऊन आपण धुळ्याला निघालो. आपण म्हणते मी अजून. तू पुढच्या गाडीत होतास.

तुमच्या गल्लीत त्या दिवशी शेजारचे यंत्रमाग बंद होते. इतकी वर्षं मी त्या घरी आले, पण ती खडखड नाही असं कधी झालं नव्हतं. तुझं घर मला ओळखूच येईना. मला बायकांच्या खोलीत बसवलं. नसरीन भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. बाहेर तुझा जनाजा उचलायच्या आधी रशीदभाईंचा आवाज आला. दाराशी उभे राहून ते सगळ्या गल्लीला सांगत होते की इम्रानकडून कोणाचं काही येणं असेल, त्याने कोणाला शब्द दिला असेल, कोणाचं काम त्याच्यापाशी राहिलं असेल, तर आता मला सांगा, ते माझ्यावर आहे. मी हे पहिल्यांदा ऐकत होते. आमच्याकडे असं दारात उभं राहून कोणी विचारत नाही. बाहेर कोणाचं काही येणं निघालं नाही. आणि आत नसरीनने माझा हात धरला.

"अक्का, आप तो साथ में थीं। इनके नाम पर किसी का काम तो नहीं अटका?"

अटकलेलं होतं ना! रावेरकडची ती बाग. तुझ्या नावावर, 'घेतलं'. आणि मीच तुला आपोआप परत जाणं बंद करायला लावलं होतं. म्हणजे ते काम तिथेच तुझ्या नावाखाली पडून, कोणाला दिसणार नाही, कोणी घेणार नाही. त्या शेतकऱ्याने दिवसभर बांधावर वाट पाहिली असेल. तुझ्या बायकोला मी काय सांगू? तू तिकडे पांढऱ्या कपड्यात, आणि तुझ्या नावावर एक काम, आणि ते सोडवायची सोय मी काढून घेतलेली.

पदराआड मी फोन काढला. पासवर्ड दोनदा चुकला. पेज उघडलं. त्या बागेपुढे लिहिलं होतं: इम्रान, घेतलं. परत रांगेत. गोकुळ, घेतलं. झालं.

मी ते वाचलं आणि मला कळेना हे काय आहे. पुन्हा वाचलं. तू बंद केलं नव्हतंस. "केलं अक्का" म्हणालास आणि केलं नव्हतंस, खोटारड्या! मला गप्प करण्यासाठी तू हो म्हणालास आणि रांग तुला हवी तशीच ठेवलीस. आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझी वाट बघत होतो तेव्हा तुझ्या रांगेने कोणालाही न विचारता तुझ्या हातातून ते काम काढून घेतलं, फैजपूरच्या गोकुळ मुकादमाने ते घेतलं, घड कापले, गाडी भरली आणि 'झालं' म्हणून मोकळा झाला. त्याला तर तू गेल्याचं माहीतही नव्हतं.

"नाही नसरीन," मी म्हटलं, "त्याच्या नावावर काही अडलेलं नाही." तिने मान हलवली आणि माझा हात सोडला. बाहेर तुला उचललं. बायका दारापर्यंतच जातात तुमच्यात, म्हणून मीही दारापर्यंतच आले. रडू तेव्हाही आलं नाही. मला फक्त इतका संताप आला होता की कोणाला दाखवायचा तेच कळत नव्हतं. ज्याच्यावर तो काढायचा तो खांद्यावरून चालला होता.

आता तू म्हणशील, अक्का, मग मी जिंकलो. थांब. घाई करू नकोस.

दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मला सावद्याहून कळलं की तू गेलास त्या संध्याकाळीच देविदास त्या बागेत गेला होता. तुला गाडीत ठेवल्यावर त्याला ते काम आठवलं. "भाऊनं काम राही गयं" म्हणत तो टोळी घेऊन, न जेवता तिकडे गेला, तर समोर गोकुळची माणसं शेवटचे घड गाडीत रचत होती. देविदासला वाटलं, माणूस मेला नाही तोच याने त्याचं काम चोरलं. त्याने गोकुळची कॉलर धरली. गोकुळला काही माहीत नाही, तो म्हणतोय रांगेतून घेतलं, फोन बघ. कोयते निघायचेच बाकी होते. शेतकरी मध्ये पडला म्हणून वाचलं. हेच मी तुला सांगत होते की नाही? बांधावर दोन टोळ्या, आणि मध्ये कोणी माणूस नाही.

म्हणजे तू बरोबर होतास आणि मीही. हे आपण दोघांनी एकत्र बसून ऐकायचं होतं, टपरीवर, आणि मग पुन्हा एकमेकांवर ओरडायचं होतं. आता हे मला एकटीला ठरवायचं आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. व्यापारी विचारत होते, पेज सोमवारपासून चालू करायचं की सोडून द्यायचं. मी नाही म्हणाले तर तुझी रांग पुन्हा त्या काळ्या खिडकीत जाणार आणि तिथे काही बिघडलं तर दुरुस्त करणारं आता कोणी नाही. चालू करायची तर तो तुझा आपोआप परत घेण्याचा नियम ठेवायचा की काढायचा? ठेवला तर उद्या बांधावर कोणाचं तरी डोकं फुटेल. काढला तर जो माणूस परत येणार नाही त्याच्या नावावर काम कुजेल. आणि अशी माणसं असतात हे आता मला कोणी सांगायची गरज नाही.

दोन दिवस मी तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसले. तू लिहिलेलं उघडलं की मध्येच तुझ्या खोड्या दिसायच्या. एका ठिकाणी तू शेरा लिहून ठेवला आहेस: 'इथे अक्का ओरडेल'. मी खरंच ओरडले. खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

शेवटी मी जे केलं ते तुला पटणार नाही. काम आपोआप परत जाईल, तुझ्यासारखंच. पण जायच्या आधी रांग त्या मुकादमाला फोन करेल. एका बाईचा तयार आवाज विचारेल, तुम्ही घेतलेलं काम झालं का? झालं असेल तर एक दाबा, अजून चालू असेल तर दोन दाबा. काहीच उत्तर नाही आलं तर मग काम परत. मला तुझं बोलणं आत्ताच ऐकू येतंय: फोन करते ती रांग कसली, ती तर आत्या झाली! असू दे. मला एकदा विचारायचं आहे माणसाला. न विचारता कोणाच्या हातातून काही काढून घ्यायची मला आता भीती वाटते.

नसरीनला हे सगळं सांगावं असं मनात आहे. त्या दिवशी मी तिला खोटं सांगितलं नाही, पण सगळंही सांगितलं नाही. तुझ्या नावावर काही अडलेलं नव्हतं ते तुझ्याच हट्टामुळे, हे तिला कळायला हवं. ती हसेल की रडेल मला माहीत नाही. आणि तुला आणखी एक सांगायचं होतं, ते कधी सांगायला जमलं नाही. भांडायला तुझ्यासारखा माणूस मला दुसरा कोणी मिळाला नाही. घरी मी भांडले की माणसं दुखावतात. ऑफिसात भांडले की सोडून जातात. तू दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन यायचास आणि जिथे थांबलो तिथून पुन्हा सुरू करायचास. याला काय म्हणतात ते मला सांगता यायचं नाही. तू असताना नाव ठेवायची गरज पडली नव्हती.

सोमवारी पेज चालू केलं. सकाळ शांत गेली. मुकादम कामं घेत होते, 'झालं' म्हणत होते. दुपारी देविदासचा फोन आला. तो माणूस एरवी फोनवर ओरडून बोलतो. या वेळी त्याचा आवाज इतका बारीक की मला कानाला फोन दाबून धरावा लागला.

"अक्का, इम्रानभाईना फोन ऊना व्हता."

तुझा फोन आला होता, म्हणाला. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. रांग फोन करते ती ऑफिसच्या यंत्रातल्या सिमवरून. ते सिम तू तुझ्या नावाने घेतलेलं, आणि मुकादमांना फोनही त्याच नंबरवरून करायचास. माझ्या फोनमध्ये तो नंबर 'ऑफिस' म्हणून आहे, म्हणून मला कधी सुचलंच नाही. साऱ्या सावद्याच्या फोनमध्ये तो 'इम्रानभाई' आहे.

मी तोंड उघडलं होतं, देविदासभाऊ घाबरू नका, ते यंत्र आहे, असं सांगायला. पण तो घाबरलेला नव्हता.

"आवाज बाईना व्हता," तो म्हणाला. "पन नाव भाऊनंच ऊनं. इचारं, काम झायं का?"

"मग? एक दाबलं का तुम्ही?"

"भाऊले एक काय दाबू, अक्का? बोलीसन सांगं ना. झायं भाऊ, गाडी भरी गई, तू काळजी करू नको."

त्याने तोंडीच सांगितलं होतं, काहीच दाबलं नव्हतं, म्हणून त्याचं काम माझ्यासमोर परत रांगेत आलं होतं. मी ते उघडलं आणि त्याच्या नावापुढे स्वतःच्या हाताने 'झालं' केलं.

"बराबर सांगं ना मी?" देविदास विचारत होता.

"बराबर सांगं, भाऊ," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.